घरामागच्या दरडीवर गवत : कामाच्या नोंदी

१२ जून २०२२, रविवार

मृग लागला, आज पहिली दमदार सर आली. घरामागची दरड मे महिन्यात जेसीबीने कापून घेतली, न्हाणीघर आणि लाकूडफाट्याची पडवी वाढवायला. जागा मिळाली, पण मागे लाल-पिवळ्या मातीची उघडी भिंत उभी राहिली. लांबी २४ मीटर, उभी उंची ५ मीटर. दोरी आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चढ मोजला : एक मीटर आडवं गेलं की सव्वा मीटर वर. अंशांत सांगायचं तर ५१च्या आसपास. वरचा दीडेक मीटर जांभा, त्याच्या खाली गुलाबी-पांढरी चिकण माती. सुकी असताना ती नखाने कोरावी लागते, ओली झाली की साबणासारखी होते. आमच्या संगमेश्वर तालुक्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यामुळे ही भिंत अशी उघडी ठेवून चालणार नाही.

आज बाजारातून आणलेलं मारवेल आणि स्टायलो या चाऱ्यांचं बी, त्यात मूठ-मूठ नाचणी मिसळून, शिडी टेकवून वरपासून खालपर्यंत फेकलं. वरून थोडा भाताचा पेंढा पसरला. सासूबाई मागच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, भिंतीवर तांदूळ फेकले तर ते भिंतीवर राहतात का?"

२६ जून २०२२

नाचणी दोन बोटं वर आली आहे. लांबून हिरवं दिसतं. जवळ जाऊन पाहिलं तर रोपं बहुतेक तळाच्या मीटरभरातच आहेत. वरचं बी घसरून खाली येऊन उगवलं.

६ जुलै २०२२

रात्रभर पाऊस. पहाटे पडवीत घोटाभर चिखल. दीर आणि मी मिळून साठ घमेली माती उपसली. नाचणी, पेंढा, बी, सगळं त्या मातीतच होतं. दरडीवर तीन खोल ओघळ पडले आहेत, मधल्यात माझा हात कोपरापर्यंत जातो.

९ जुलै २०२२

आज एक काम केलं जे मे महिन्यातच करायला हवं होतं. छत्री घेऊन तासभर पावसात उभी राहिले आणि फक्त पाणी बघितलं.

दरडीवर थेट पडणारा पाऊस फार नुकसान करत नाही. वरच्या काजूबागेतलं पाणी तीन ठिकाणी गोळा होऊन कडेवरून खाली उडी मारतं, आणि तिन्ही ओघळ नेमके तिथेच आहेत. दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. जांभा जिथे संपतो आणि चिकण माती सुरू होते त्या रेषेवर, एका सरळ ओळीत, पाणी पाझरत होतं. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून खाली उतरतं. चिकण मातीवर आलं की अडतं आणि बाहेरची वाट धरतं. ती रेषा दिवसभर ओली राहते आणि तिथली माती चिमूट-चिमूट करून गळत राहते. जेसीबीच्या बकेटने सगळा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केला होता, त्यामुळे बियाला रुतायला खाच सुद्धा नव्हती.

म्हणजे आधी पाणी, मग चढ, मग गवत. मी उलट्या क्रमाने निघाले होते. यंदा काही लावायचं नाही. दरडीवर ताडपत्री टाकली, कडेला दगड ठेवले.

१३ नोव्हेंबर २०२२, रविवार

गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गवतकापणी चालू आहे. कापायच्या आधी बी गोळा करायला सासूबाईंना घेऊन गेले. गवतं त्यांना पायाखालची माहिती आहेत. कुठलं गुरं आवडीने खातात, कुठलं शाकारणीला चालतं, कुठलं नुसतं कुसळांचं. मी कुसळीचं बी तोडायला लागले तर त्या रागावल्या, "ते कशाला घरामागे? पातळाला टोचत बसेल सगळ्यांच्या." पण सड्याच्या उतारावर, जिथे चार बोटं माती आहे, तिथे तग धरून उभं आहे ते हेच. दरवर्षी नव्याने उगवावं लागत नाही, ठोंब तसाच राहतो. तीन गोणी भरल्या : एक कुसळीची, दोन मिसळ.

घरी येऊन कुसळीचं एक बी ओल्या मातीच्या बशीत ठेवलं आणि बघत बसले. बियाला काळसर, पिळलेलं, बोटभर कुसळ असतं. ओल लागली तशी पिळ सुटायला लागली. कुसळाचं वाकडं टोक घड्याळाच्या काट्यासारखं हळूहळू फिरत होतं. ते कडेच्या पेंढ्याच्या काडीला अडलं, आणि मग फिरायचं थांबून सगळा जोर खाली बियावर आला. बियाचं टोक सुईसारखं अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले बारीक केस. पाऊण तासात बी अर्धं मातीत होतं. ओढून पाहिलं, निघेना. सुकलं की परत पिळ बसते, ओलं झालं की सुटते, आणि बी दर खेपेला थोडं आत जातं. पण त्या कुसळाला टेकायला काहीतरी हवं. घोटलेल्या गुळगुळीत भिंतीवर ते नुसतं गोल फिरून खाली पडेल.

२० नोव्हेंबर २०२२

कुसळीची ५० बियं ओल्या फडक्यात आठवडाभर ठेवली होती. एकच उगवलं. बी वाईट नाही, ते झोपेत आहे. ताजं बी काही महिने उगवतच नाही, पुढच्या पावसापर्यंत थांबतं. गोणी माळ्यावर ठेवल्या, उंदरांपासून लांब, तारेला टांगून.

२२ जानेवारी २०२३, रविवार

ओळखीच्या एका बागायतदाराकडून वाळ्याचे ३०० ठोंब आणले. पानं वीतभर ठेवून कापली, मुळं चार बोटं. शेणकाल्यात बुडवून प्लास्टिकच्या पिशव्यांत लावले, विहिरीजवळ. पाणी रोज.

वाळा का, हे लिहून ठेवते, कारण घरात तीनदा विचारून झालं. याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत पहिल्याच वर्षी तीन मीटरपर्यंत. मुळाची ओढ सहन करण्याची ताकद सरासरी ७५ मेगापास्कल मोजली गेली आहे, म्हणजे साध्या पोलादाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी. ठोंब एकमेकांना लागून लावले की त्यांचं दाट कुंपण होतं. वरून आलेली माती त्यामागे अडते, आणि माती साचेल तसा वाळा वरच्या पेरांतून नवी मुळं सोडून वर चढतो. दक्षिणेतला लागवडीचा वाळा बियाने पसरत नाही, त्यामुळे शेजारच्या शेतात तण म्हणून जायची भीती नाही. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी बांधावर तो पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत. जागतिक बँकेच्या माणसांनी ऐंशीच्या दशकात त्याचा प्रचार भारतातूनच सुरू केला. कोकण रेल्वेनेही कटिंगच्या उतारांवर जाळ्या, खिळे, काँक्रीट यांच्या जोडीला वाळा लावला आहे.

८ मार्च २०२३

शिमग्याला हे मुंबईहून आले आहेत. दोघांनी मिळून वरच्या कडेला सहा फूट रुंद पट्टा साफ केला, वणवा आला तर अडायला. समोरच्या डोंगरावर काल रात्री आग दिसत होती. अजून गवत नाही, पण काजूबागेतला पाचोळा पेटला तर कडेची झुडपं जातील, आणि आता कडेची मुळंच तेवढी दरड धरून आहेत.

१६ ते २९ एप्रिल २०२३

एकत्र लिहिते, रोज लिहायला त्राण नव्हतं.

चढ कमी केला. दोन गडी, पहार आणि कुदळ. जेसीबी मुद्दाम आणला नाही. आता एक मीटर आडव्याला ९० सेंटिमीटर उभं, म्हणजे ४२ अंश. उताराची लांबी साडेसात मीटर झाली. त्यासाठी वरची दीड मीटर जागा सोडावी लागली आणि काजूचं एक चांगलं फळतं झाड गेलं. सासूबाई दोन दिवस कमी बोलल्या. मला पटतं त्यांचं दुःख, पण खाली जागा नव्हती आणि घर हलवता येत नव्हतं. निघालेली लाल माती वेगळी ठेवली आहे. पृष्ठभाग गुळगुळीत केला नाही, कुदळीच्या आडव्या खाचा तशाच ठेवल्या.

पायथ्याला जांभ्याच्या दगडांचा कोरडा गडगा, साडेतीन फूट. गवंडी सिमेंटचा आग्रह धरत होता. नको म्हटलं. पाझर बाहेर पडायला फटी हव्यात. पाणी मागे कोंडलं तर तेच भिंत ढकलतं.

कडेच्या दीड मीटर मागे आडवा चर, दीड फूट रुंद, फूटभर खोल, पूर्वेच्या पऱ्याकडे (ओढ्याकडे) हलका उतार देऊन.

२८ मे २०२३

काथ्याची जाळी आली, चौरस मीटरला ७०० ग्रॅमवाली, २०० चौरस मीटर. उताराचं क्षेत्र १८० भरतं, बाकी जोडावर आणि वरच्या खाचेत गेली. जाळी वरून खाली सोडायची, आडवी गुंडाळायची नाही. वरचं टोक फूटभर खोल खाचेत पुरलं. दोन पट्ट्यांचा जोड चार बोटं. खुंट्या माणग्याच्या बांबूच्या, दीड फुटी, दर दोन हातांवर.

या कामात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची : जाळी मातीला टेकली आहे का. खाचखळग्यावर ती तंबूसारखी उचललेली राहिली की पाणी तिच्या खालून पळतं, वरून सगळं नीट दिसतं आणि आत ओघळ पडत असतो. आम्ही हाताने दाबत दाबत गेलो, जिथे हात खाली गेला तिथे आणखी खुंटी. चारशेच्या वर खुंट्या लागल्या.

१२ जून २०२३

काल मान्सून रत्नागिरीत पोचल्याचं जाहीर झालं. चार सरी आल्या आणि थांबल्या. अरबी समुद्रात वादळ आहे. मला घाई करायची नाही. कुसळीची ५० बियं पुन्हा फडक्यात घातली.

१९ जून २०२३

५० पैकी १९ उगवली. पाऊस नाही.

२५ जून २०२३, रविवार

आर्द्रा. कालपासून पाऊस बसला. आज आठ माणसं लावणीसारखीच खाली वाकून.

आधी बी. सड्यावरचं बी हलकं, वाऱ्यावर उडतं, म्हणून चाळलेली लाल माती, जुनं शेणखत आणि बी एकत्र भिजवून त्याचे गोळे जाळीच्या भोकांतून अंगठ्याने दाबले. आमची जमीन आम्ल, स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला बांधलं जातं आणि पिकाला मिळत नाही, म्हणून प्रत्येक घमेल्यात दोन मुठी हाडांचा चुरा. तळाच्या मीटरभरात हरळीचे, म्हणजे दूर्वांचे, तुकडे खोचले.

मग वाळा. जानेवारीतल्या एका ठोंबाचे आता आठ-आठ, नऊ-नऊ फुटवे झाले आहेत. दोन-दोनचे जुडगे केले. पाण्याच्या नळीने समपातळी रेषा आखल्या, उंचीच्या दर मीटरला एक, अशा पाच. प्रत्येक ओळीत २०० ठोंब, १२ सेंटिमीटरवर एक. सगळे मिळून हजार. उरलेले पिशव्यांतच ठेवले, सांधायला. अंतर वाढवून ठोंब वाचवायचा मोह कामकऱ्यांना होतो. मध्ये एक हाताची फट राहिली तर सगळं पाणी त्या फटीतून जाणार, मग कुंपणाचा उपयोग काय? मी प्रत्येक ओळ वीत टेकवून मोजली.

उभं राहायला उतारावर शिड्या झोपवल्या होत्या. पाय मातीवर टेकवायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं, कारण प्रत्येक टाचेचा खड्डा म्हणजे एका ओघळीची सुरुवात.

२० जुलै २०२३

काल रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळपासून टीव्हीवर तेच. तळिये आठवतं, २२ जुलै २०२१. त्याआधी माळीण, ३० जुलै २०१४. सासूबाईंनी आज मागचं दार उघडलंच नाही.

घरी सगळ्यांना बसवून सांगितलं तेच इथे लिहिते. आपण मागे जे करतोय ते त्वचेवरचं काम आहे. वरची हात-दोन हात माती वाहू नये, ओघळ पडू नयेत, चिखल घरात येऊ नये, एवढं गवत करू शकतं. डोंगर आतून, खोलवर सुटला तर तीन मीटरची मुळं त्याच्यासोबतच खाली येतात. हिरवं झालं म्हणून निर्धास्त झोपायचं नाही. बघायचं ते हे : वरच्या जमिनीत नवी भेग, झाड किंवा खांब कलणं, दारं-खिडक्या अचानक घट्ट बसणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं. यातलं काहीही दिसलं तर सामान न बघता खालच्या आळीत काकांकडे जायचं. बॅटरी आणि कागदपत्रांची पिशवी पुढच्या दाराजवळ टांगली.

२२ जुलै २०२३

भेग दिसली. वरच्या चराला समांतर, सहा-सात हात लांब, करंगळी जाईल एवढी. पाय लटपटले माझे.

दीर आणि मी चर नीट पाहिला. मधल्या भागात पाणी वाहत नव्हतं, उभं होतं आणि खाली मुरत होतं. चर खोदला पण आतून बंद केला नाही, ही माझी चूक. कडेच्या मागे कच्चा चर म्हणजे दरडीच्या पाठीत पाणी पाजणं. सासूबाईंना काकांकडे पाठवलं. भर पावसात चरात ताडपत्री अंथरली, उतार फावड्याने पुन्हा काढला, भेग मातीने ठासून वर प्लास्टिक टाकलं. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून त्यांतलं अंतर लिहून ठेवलं : ४१ सेंटिमीटर.

२३ ते ३० जुलै २०२३

४१. ४१. ४१. ४१ आणि थोडं, बहुतेक मोजण्यातला फरक. ४१. पुढेही ४१. तिसाव्या तारखेला सासूबाई घरी आल्या.

३ सप्टेंबर २०२३, रविवार

ऑगस्टभर पाऊस जवळजवळ नाहीच. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, असं हवामान खात्याने म्हटलंय. भाताला ताण बसला. दरडीवर आठवड्यातून दोनदा पाईपने बारीक फवारा मारला, संध्याकाळी. हजारात ८३ ठोंब मेले, त्यातले ५० पश्चिमेच्या टोकाला रायवळ आंब्याच्या सावलीत. वाळ्याला सावली चालत नाही हे वाचलं होतं, तरी ओळ पुरी करायच्या हट्टाने लावले. मेलेल्यांच्या जागी पिशव्यांतले भरले, सावलीतले सोडून.

बियातलं गवत मात्र चांगलं आहे. जाळीच्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या भोकात काडी. जांभा आणि चिकण मातीच्या सांध्यावर, पाझराच्या रेषेत, ते सर्वांत दाट आहे. तिथे ऑगस्टातही ओल होती. जिने गेल्या वर्षी दरड फोडली तीच रेषा यंदा गवताला जगवते आहे.

२६ नोव्हेंबर २०२३

गडग्याच्या टोकाशी एक वाळा मुद्दाम खणून पाहिला. पाच महिन्यांत मुळं १ मीटर १० सेंटिमीटर. जाडी शिवायच्या दोऱ्याएवढी, पिवळसर पांढरी, आणि चिकण मातीत ती सरळ आरपार गेली होती, जिथे माझी पहार अडत होती. हात दिवसभर वाळ्याच्या वासाने भरलेले. धाकटा म्हणाला, सरबताला काढू या का अजून. नाही. या उतारावरचा एकही वाळा मुळासकट निघणार नाही. सरबताला विहिरीजवळ चार वेगळे लावून देईन.

पानं गुडघ्याएवढी ठेवून कापली. कापलं की फुटवे वाढतात. कापलेली पानं ओळींच्या मागे आडवी घातली.

४ फेब्रुवारी २०२४

भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटली आहेत. दोन पाडे वरून उतरले. जुना वाळा गुरं फारशी खात नाहीत, पण कोवळं पान खातात. खाण्यापेक्षा खुरांनी जास्त नुकसान, जाळी तीन ठिकाणी फाटली. कडेला करवंदीच्या काट्यांची वई घातली. ज्यांची गुरं त्यांच्याशी भांडले नाही. पाऊस संपेपर्यंत ते आपली गुरं बांधतातच, पुढे कुंपण ही माझी जबाबदारी.

एप्रिलमध्ये वरचा चर चिऱ्यांनी आतून बांधून, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरून पक्का केला. (ही ओळ नंतर लिहिली.)

१६ जून २०२४

आठवडाभर पाऊस. गडग्याच्या फटींतून येणारं पाणी काचेच्या पेल्यात धरलं. तळाशी बारीक लाल रेघ, वर पाणी स्वच्छ. २०२२ मध्ये असाच पेला धरला असता तर निम्मा गाळ निघाला असता.

२८ जुलै २०२४

महिनाभर जोर. पडवीत माती शून्य. वाळ्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीमागे चार-पाच बोटं माती साचून लहान पायऱ्या झाल्या आहेत, त्यावर हरळी खालून चढली आहे. काथ्या कुजायला लागला, ओढला की तुटतो. त्याचं काम संपत आलंय. भेगेच्या खुंट्या : ४१.

६ सप्टेंबर २०२४

उद्या गणपती. सासूबाईंनी नातवाला दूर्वा आणायला पाठवलं तो मागच्या दाराने गेला आणि पाच मिनिटांत परडी भरून आला. त्यांनी एक-एक जुडी निवडली, तीन पात्यांची. मग मला म्हणाल्या, "कुसळी पायवाटेच्या बाजूची तेवढी काप हो, बाकी राहू दे."

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

यंदा बी सड्यावरून आणलं नाही, दरडीवरूनच काढलं. एक गोणी. खालच्या आळीत काकांच्या गोठ्यामागे अशीच कापलेली दरड आहे, त्यांना त्यातलं निम्मं. त्यांच्याकडे उद्या पाण्याची नळी घेऊन जायचंय, आधी वरचं पाणी कुठून येतं ते बघायला.

राहिलेलं : आंब्याखालचा अडीच मीटरचा तुकडा अजून उघडा. तिथे दगड बसवले होते, फटींत नेचे आपोआप येत आहेत. आंब्याची पश्चिमेची एक फांदी छाटायला सासूबाई तयार झाल्या आहेत, मोहोर येऊन गेल्यावर, आधी नाही. वणव्याचा पट्टा डिसेंबरात पुन्हा साफ करणे. फाटलेल्या तीन जागांवर नवे ठोंब, विहिरीजवळ ४० तयार आहेत.